किनाऱ्यावरील प्राणवायूक्षय आणि तापीकाठचे जलपरीक्षण : एक चिकित्सा

ऋतुमानानुसार पाण्यातील प्राणवायू कमी होण्याच्या प्रश्नावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांचा ‘नेचर’मधील 2000 सालचा शोधनिबंध बहुचर्चित आहे. नैर्ऋत्य मोसमी काळात पश्चिम किनाऱ्यालगत खोलातील, मुळातच प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. पावसाचे व नद्यांचे हलके गोडे पाणी त्यावर झाकणासारखे पसरते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळालगतचा प्राणवायू संपून काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. ही निरीक्षणे भक्कम आहेत. मानवनिर्मित नत्रामुळे हा क्षय तीव्र झाला, हे अनुमान मात्र तितके भक्कम म्हणता येत नाही. तुलनेसाठीच्या जुन्या नोंदी विरळ आहेत आणि वर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वर्षागणिक बदलते.

हा निबंध उथळ समुद्राविषयी आहे, याचा अनेकदा विसर पडतो. नंदुरबारहून तापी उकाई जलाशयात व तेथून सुरतेच्या खाडीकडे जाते. तिला किनाऱ्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे गैर ठरेल. प्रकाशा व सारंगखेडा येथील बॅरेजमागच्या पाण्यात तर ऋतूच उलटा असण्याचा संभव अधिक. तेथे उन्हाळ्यात वरचा थर तापून पाणी स्तब्ध राहिले की तळाशी तूट पडावी आणि पुराने ती भरून निघावी. त्या निबंधातून उचलण्याजोगी गोष्ट निष्कर्ष नसून शिस्त आहे : खोलीनुसार व ऋतूनुसार मोजमाप. गोव्यात कांदोळीसमोरच्या सुमारे 27 मीटर खोल पाण्यात 1997 पासून तेच पुन्हा पुन्हा केले गेले.

महाविद्यालयीन जलपरीक्षणाचा रूढ साचा याच्या नेमका उलट आहे. काठावरून, दिवसा, पृष्ठभागाचा नमुना घेतला जातो. त्या वेळी शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे प्राणवायू सर्वाधिक असतो. विंकलर पद्धतीत मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड जागेवरच घालावे लागते, बाटली एस.टी.ने प्रयोगशाळेत आणून केलेले अनुमापन नदीविषयी फारसे काही सांगत नाही.

धातूंच्या बाबतीत घोटाळा अधिक खोल आहे. तापीचे खोरे बहुतांशी बेसाल्टचे. पावसाळ्यातील गढूळ नमुना न गाळता आम्लात टाकला, तर गाळाच्या कणांवरील लोह विरघळते आणि ते ‘प्रदूषण’ म्हणून तक्त्यात बसते. याउलट, प्राणवायू संपलेल्या पाण्यात सल्फाइड निर्माण झाल्यास तांबे, जस्त, कॅडमियम व शिसे अविद्राव्य होऊन तळाला बसतात. तेव्हा घटलेले आकडे शुद्धतेचे लक्षण समजले जाण्याचा धोका असतो. पिण्याच्या पाण्याच्या मानकांशी एकूण धातूंची तुलना करणारा तक्ता या दोन्ही प्रसंगी वाचकाची दिशाभूल करतो.

मँगनीज येथे विशेष उपयुक्त ठरावे. प्राणवायूअभावी गाळातील मँगनीजची ऑक्साइडे विरघळतात व त्यांना चिकटलेले इतर धातूही सुटतात. पाण्यात पुन्हा हवा मिसळताच लोह लवकर अवक्षेपित होते, मँगनीज मात्र बराच काळ द्रावणात टिकते. तळातील प्राणवायू एखाद्या रात्री संपून गेला असला, तरी बॅरेजखालच्या गाळलेल्या नमुन्यातील मँगनीज त्याची साक्ष देऊ शकते. 0.45 मायक्रॉनचे गाळणे आणि तळापर्यंत जाणारी नमुनाबाटली एवढ्या साधनांवर हे काम सुरू होऊ शकते.