‘मोबाइल की कॅमेरा?’ : आधी हा प्रश्नच नीट मांडू

मेपलची लाल-केशरी झाडं, पण पान एकही ओळखू येत नाही. नुसते रंगाचे उभे फराटे. असे ‘इम्प्रेशनिस्ट’ फोटो तुम्ही पाहिले असतील. अमेरिकेत न्यू इंग्लंडकडे ऑक्टोबरात पानगळीचे रंग चढले की असे फोटो ढिगाने निघतात. सोबत तुलनाही येते: डावीकडे मोबाइलचा फोटो, उजवीकडे कॅमेऱ्याचा, खाली निकाल. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, ही तुलना मांडणीतच कच्ची असते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ती का कच्ची आहे ते बघावं, कारण आपल्या सिनॉप्सिसमध्येही नेमकं हेच होतं.

पहिला घोळ व्याख्येचा. ‘इम्प्रेशनिस्ट’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या पद्धती येतात. एकीत शटर उघडं असताना कॅमेराच हलवायचा. अर्ध्या सेकंदात तो वरून खाली नेला की खोडं लांबतात, रंग एकमेकांत मिसळतात. दुसरीत अनेक फोटो एकावर एक रचायचे. पेप व्हेन्टोसा हा छायाचित्रकार एकाच झाडाभोवती फिरत फोटो काढतो आणि त्यांचे पारदर्शक थर करतो. यात प्रत्येक फोटो साधाच असतो, खरी करामत नंतर संगणकावर. इथे मोबाइल मागे पडायचं फारसं कारण नाही.

पहिल्या पद्धतीत मात्र तो अडतो. का, ते आकड्यांत बघू. भर उन्हासाठी जुना आडाखा आहे: एफ/१६ ला शटरचा वेळ साधारण १ भागिले आयएसओ. बहुतेक मोबाइलचं अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. ते एफ/१.८ आणि आयएसओ ५० धरा, तर वेळ येतो सुमारे १/४००० सेकंद. कॅमेऱ्यावर एफ/२२ आणि आयएसओ १०० ला तो सुमारे १/५०. म्हणजे अर्धा सेकंद मिळवायला कॅमेऱ्यात प्रकाश २५ पट कमी करायचा, मोबाइलमध्ये २००० पट! कॅमेऱ्याला एनडी ३२ फिल्टर पुरतो. मोबाइलवर एनडी १००० लावूनही जेमतेम पाव सेकंद. इथे फरक पडला तो अ‍ॅपर्चरमुळे, ‘मोठ्या सेन्सर’मुळे नाही. दिवस मावळताना दाट झाडीत हीच दरी बरीच कमी होते.

दुसरा घोळ सॉफ्टवेअरचा. आजचा मोबाइल बहुधा एक फोटो काढतच नाही. छोट्या छोट्या फ्रेम घेतो, जुळवतो, एकत्र करतो. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एचडीआर प्लसवर जो पेपर लिहिला, त्यात हीच पद्धत आहे. तिथे नीट न जुळणारा, हललेला भाग हा टाळायचा दोष. आपल्या चित्रात तर तोच आशय! एका उघड्या शटरचा फराटा सलग असतो. तुटक फ्रेमची बेरीज केली तर तीच फांदी ठिकठिकाणी उमटते. व्हेन्टोसाच्या झाडाला हा तुटकपणा शोभतो, कारण ते चित्र अनेक नजरांचं आहे. फराट्याच्या चित्राला तो मारतो. म्हणून ‘दिसायला सारखंच की’ हे मला पटत नाही.

आता त्या जोडफोटोकडे परत बघा. वेळ, अ‍ॅपर्चर, सॉफ्टवेअर, हाताची हालचाल: चार गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय दिलं उपकरणाला. शिवाय हात दोनदा सारखा हलत नाही, त्यामुळे एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही. दोन्हींनी तीस-तीस फोटो घ्या, शटरचा वेळ सारखा ठेवा, सरमिसळ करा आणि कुठला कशाचा हे न सांगता दुसऱ्याला निवडायला द्या. मग बोलू.

क्लोद मोनेने १८९१ मध्ये एप्त नदीकाठचे पॉपलर पुन्हा पुन्हा रंगवले. झाडं तीच, बदलत गेला तो प्रकाश, हवा आणि ऋतू. ती झाडं तोडली जाणार होती, म्हणून त्याने लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे देऊन ती काही काळ उभी ठेवली. काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, याची किंमत त्याने खिशातून मोजली.

तेव्हा फेलोशिपच्या पैशातून कॅमेरा घेण्याआधी स्वतःला विचारा: मला सलग फराटा हवाय की थर? थर हवे असतील तर हातातला मोबाइल पुरे. फराटा हवा असेल तर आधी संध्याकाळी मॅन्युअल शटरचं अ‍ॅप वापरून बघा. त्यानेही भागलं नाही, तर कॅमेरा का हवाय ते तुम्हाला एका वाक्यात सांगता येईल. गाइडसमोर उपकरणाची मागणी मांडतानाही तेच एक वाक्य लागतं.