तळटीपा तपासणारा अभियंता

एमरी विद्यापीठातील प्राध्यापक मायकेल बेलेसाइल्स यांचा 'आर्मिंग अमेरिका' हा ग्रंथ २००० साली आला. सुरुवातीच्या अमेरिकेत फार थोड्या घरांत बंदुका होत्या, हा त्यांचा सिद्धान्त. बंदूक-नियंत्रणाच्या समर्थकांना तो हवाच होता. इतिहासलेखनाचा मानाचा बॅनक्रॉफ्ट पुरस्कारही त्याला मिळाला. एक मोठा आधार होता मृतांच्या मालमत्तेच्या याद्यांचा. त्यांत सॅन फ्रान्सिस्कोच्या याद्याही पाहिल्याचे ते सांगत. त्या तर १९०६ च्या भूकंपात आणि आगीत नष्ट झालेल्या!

तळटीपा मूळ कागदांशी ताडून पाहणारे क्लेटन क्रेमर व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता, शिवाय बंदूकहक्काचे उघड पुरस्कर्ते. म्हणून विद्वानांनी त्यांना बाजूला सारले. कायद्याचे प्राध्यापक जेम्स लिंडग्रेन यांनी याद्यांचे आकडे तपासल्यावर मात्र खळबळ उडाली. २००२ मध्ये बेलेसाइल्स यांनी राजीनामा दिला, पुरस्कारही काढून घेतला गेला.

क्रेमर निःपक्षपाती नव्हते. चूक सापडली ती त्या पक्षपातामुळेच, असे मला वाटते. निष्कर्ष ज्याला खुपतो तोच तळटीप तपासायला बसतो. मी स्वतः पीएचडी नसलेला, दप्तरे चाळत शिकलेला. माझा एक लेख 'मार्गदर्शक कोण?' एवढ्याच प्रश्नावर परत आला आहे. तेव्हा क्रेमर यांच्याविषयी मला जिव्हाळा वाटणारच. पण बंदुकीबाबत मी त्यांच्या विरुद्ध मताचा. 'आर्मिंग अमेरिका' तेव्हा माझ्या हाती आला असता, तर त्यातली एकही तळटीप मी तपासली नसती.