नागपूरचीं इतिहासस्थळें, वस्तुसंग्रह व त्यांचा तुटलेला सांधा

नागपूरचीं इतिहासस्थळें पाहावयास येणाऱ्या मनुष्याची वाट बहुधा ठरलेली असते. सीताबर्डीची टेकडी, महालांतील भोसल्यांच्या राजवाड्याची जागा, जुन्या तटाचा राहिलेला दरवाजा, आणि शेवटीं लोक ज्यास अजब बंगला म्हणतात तो मध्यवर्ती वस्तुसंग्रह. एवढें झालें म्हणजे शहराचा इतिहास पाहिला असें त्याला वाटतें. या ठरलेल्या वाटेची चिकित्सा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. स्थळ, वस्तु व कागद या तिहींचा मेळ बसल्यावांचून पाहणाऱ्यास इतिहास दिसत नाहीं, आणि नागपुरांत हीं तिन्हीं एकमेकांपासून तुटलेलीं आहेत, असें आमचें म्हणणें आहे. हा सांधा कोठें व कसा तुटला हें एकेका स्थळावरून दाखवितों.

प्रथम शहराची जात ध्यानांत घ्यावी. नागपूर हें सीमेवरचें शहर होतें. देवगडच्या गोंड घराण्यांतील बख्त बुलंद यानें १७०२ च्या सुमारास बारा खेडीं एकत्र करून तें वसविलें व चांद सुलतानानें त्यास राजधानी करून तट घातला. १७४३ पर्यंत रघूजी भोसल्याचा येथें जम बसला आणि येथूनच मराठ्यांची फौज बंगाल व ओरिसाकडे जाऊं लागली. १८०३ च्या देवगांवच्या तहानें कटक प्रांत गेला, १८१७ च्या युद्धानें राज्याचें स्वातंत्र्य गेलें, आणि १८५३ त तिसरा रघूजी निपुत्रिक वारल्यावर डलहौसीनें पुढील वर्षीं राज्यच खालसा केलें. सीमेवरच्या शहरांत नवी सत्ता जुनीच्या खुणांवर आपली खूण उभारते, आणि झाल्या गोष्टीचा वृत्तांत तिच्याच दफ्तरांत राहतो. म्हणून अशा ठिकाणीं जें डोळ्यांस दिसतें तें कोणाचें व केव्हांचें, हा प्रश्न पाहणाऱ्यानें आधीं विचारला पाहिजे.

सीताबर्डीसंबंधीं हा प्रश्न क्वचित् विचारला जातो. गड सैन्याच्या ताब्यांत असल्यामुळें सामान्य जनांस तो वर्षांतून मोजक्याच राष्ट्रीय दिवशीं खुला होतो. त्या दिवशीं मोठी गर्दी लोटते व हाच आप्पासाहेबाचा किल्ला, येथेंच मराठे लढले, असें सांगितलें जातें. आप्पासाहेबानें लढाईच्या थोडें आधीं तो बांधला असें छापील माहितींतही आढळतें. परंतु लढाईचा क्रम पाहिला तर हें टिकत नाहीं. २६ नोव्हेंबर १८१७ रोजीं कर्नल स्कॉट याच्या हाताखालील इंग्रजी पलटणी छावणी सोडून आल्या व त्यांनींच मोठी व लहान अशा दोन्ही टेकड्या धरल्या. रेसिडेंट जेन्किन्स यांचा बंगला पायथ्याशीं होता. हल्ला करणारे भोसल्यांच्या पदरचे अरब होते, ते खालून वर चढत होते. २७ रोजीं सकाळीं त्यांनीं लहान टेकडी काबीज केली, व तीच पुन्हा हातची गेल्यानें दिवस फिरला. टेकडीवर राजाचा बांधीव किल्ला असता तर तो लढाईवांचून रेसिडेंटाच्या शिपायांच्या हातीं कसा पडला असता? शिवाय ६ जानेवारी १८१८ च्या करारांत सीताबर्डीच्या टेकड्या तटबंदीकरितां इंग्रजांस द्याव्या असें ठरलें आहे. तेव्हां आज दिसणारा किल्ला हा पराभूताचा नसून जेत्याचा आहे. तो लढाईचें स्थळ नव्हे, लढाईचा परिणाम आहे. मराठ्यांचें स्थळ म्हणजे खालचा उतार, जो आतां रस्ते व बाजार यांखालीं गेला आहे. पाहणारा मान वर करून ज्या तटाकडे आदरानें पाहतो, तो त्याच्या पूर्वजांवर नजर ठेवण्याकरितां बांधला गेला, हें त्यास कळलें पाहिजे.

याच गडाची दुसरी एक कथा. महात्मा गांधी यांस १० एप्रिल ते १५ मे १९२३ पर्यंत येथें बंदींत ठेविलें होतें असें सांगण्यांत येतें. तारखा इतक्या नेमक्या कीं ऐकणाऱ्यास शंका येऊं नये. परंतु गांधीजींस १० मार्च १९२२ रोजीं अटक झाली, १८ मार्चला सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि ते येरवड्याच्या तुरुंगांत होते. १२ जानेवारी १९२४ रोजीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत त्यांजवर शस्त्रक्रिया झाली व ५ फेब्रुवारीस त्यांची सुटका झाली. मधल्या काळांत ते नागपुरांत बंदिवान होते ही गोष्ट या क्रमांत बसत नाहीं. १९२३ त नागपुरास झेंडा सत्याग्रह झाला व पुष्कळ सत्याग्रही पकडले गेले, हें मात्र खरें. त्या स्मृतीवर पुढें मोठें नांव चढलें असावें असा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा. नेमकी तारीख म्हणजे पुरावा नव्हे, हा धडा मात्र पक्का आहे. अशा कथेनें महात्म्याची थोरवी तिळभर वाढत नाहीं. उलट जे खरोखर पकडले गेले त्यांचीं नांवें झांकलीं जातात.

टेकडीवरून शहरांत उतरल्यावर उलट प्रकार दिसतो. तेथें खोट्या कथेची गर्दी, येथें खऱ्या स्थळाचें विस्मरण. सीताबर्डीनंतर १६ डिसेंबर १८१७ रोजीं डोव्हटनच्या फौजेशीं दुसरी लढाई झाली. आप्पासाहेब त्यापूर्वींच इंग्रजांच्या स्वाधीन झाला होता. तरीही शहरांतील अरबांनीं महाल सोडला नाहीं. २४ रोजीं इंग्रजांनीं जुम्मा दरवाजावर चढाई केली, ती अरबांनीं परतविली; शेवटीं अटी ठरवूनच ते महिनाअखेर बाहेर पडले. ज्या जागीं नागपूरकरांच्या बाजूनें शेवटचा यशस्वी प्रतिकार झाला ती जागा ही. तो दरवाजा आज गांधी दरवाजा म्हणून व जवळचा जुम्मा तलाव गांधीसागर म्हणून ओळखला जातो. नवें नांव देण्यास आमची हरकत नाहीं. परंतु जुन्या कागदांत जुम्मा दरवाजा वाचणाऱ्यास स्थळ सांपडत नाहीं व स्थळीं उभा असणाऱ्यास कागद आठवत नाहीं, ही हानि दगडाची एक ओळ कोरून भरून काढतां येईल.

आतां वस्तुसंग्रहाकडे वळूं. हा संग्रह १८६३ चा, म्हणजे हिंदुस्थानांतील जुन्या संग्रहांपैकीं आहे, व त्यानें जें राखलें त्याचें ऋण संशोधकांनीं मान्य केलेंच पाहिजे. येथील सर्वांत बोलका दगड म्हणजे माळव्याच्या परमार राजांची प्रशस्ति. तिचा काल विक्रम संवत् ११६१, म्हणजे इ. स. ११०४–०५. बाळशास्त्री जांभेकर यांनीं १८४३ त ती मुंबईच्या एशियाटिक शाखेच्या नियतकालिकांत छापली व पुढें कीलहॉर्ननें ‘एपिग्राफिया इंडिका’च्या दुसऱ्या खंडांत तिचें चिकित्सक संपादन केलें. म्हणजे संग्रह स्थापन होण्याच्या वीस वर्षें आधींच ही शिला विद्वानांस ठाऊक होती. तरी ती मूळ कोणत्या देवळाची, हें कोणीं नमूद करून ठेविलें नाहीं. ही उणीव लहान नव्हे. लक्ष्मदेवानें दिलेल्या गांवांऐवजीं नरवर्म्यानें मोखलपाटक नांवाचें गांव दिल्याचें तींत आहे. शिला विदर्भांतील असेल तर परमारांची सत्ता येथपर्यंत पोंचली होती यास तो भक्कम आधार होतो. माळव्यांतून कोणी आणली असेल तर तो आधार ढासळतो. महामहोपाध्याय मिराशी यांनीं मोखलपाटक म्हणजे भांदकच्या पश्चिमेकडील मोखर असें मत मांडलें, तें अर्थातच गांवांच्या नांवांवरून. पूर्वीं कोणी एक वाक्य टिपून ठेवितें तर एवढ्या विद्वत्तेचे श्रम वाचते.

याच्या जोडीस डोंगरगांवचा शिलालेख ठेवावा. परमार जगद्देवाचा हा शके १०३४, म्हणजे इ. स. १११२ चा लेख यवतमाळ जिल्ह्यांत मिळाला. ज्या गांवीं तो मिळाला त्याच गांवाचें नांव डोंगरग्राम म्हणून दानांत आलें आहे. स्थळ व लेख एकमेकांची साक्ष देतात आणि वाद उरत नाहीं. दोन्ही दगड एकाच घराण्याचे, काळांत अंतर सात-आठ वर्षांचें. परंतु एकाचें स्थान ठाऊक असल्यानें तो निर्णय देतो, दुसऱ्याचें हरवल्यानें तो वाद वाढवितो.

गुंगेरियाच्या ठेव्याची कथा याहून निराळी नाहीं. बालाघाट जिल्ह्यांतील या गांवीं १८७० त तांब्याचीं ४२४ हत्यारें व चांदीचे १०२ पातळ पत्रे एके ठिकाणीं मिळाले. पुढें त्यांची वांटणी होऊन कांहीं नागपुरास राहिले, कांहीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमांत गेले. एकेक कुऱ्हाड सुटी पाहून तिचा आकार कळतो. पण तांबें व चांदी एकाच जागीं कोणीं कां पुरलीं हा जो खरा प्रश्न, तो संपूर्ण ठेवा एकत्र असल्याखेरीज नीट मांडतांही येत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल. वस्तु जागेवरून हलविल्याच नसत्या तर दगड धुण्याला लागले असते व तांबें वितळलें असतें. मग संग्रहास दोष कां द्यावा? आक्षेप रास्त आहे, व हलविण्यास आमचा विरोध नाहीं. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट पुण्यास एका तांबटाकडे मिळाला. तो वितळला असता तर केवढी हानि झाली असती! त्यांत नंदिवर्धनाचें नांव असल्यामुळें तो लेख रामटेकजवळच्या नगरधनाशीं पुन्हा जोडतां आला. परंतु ज्या वस्तूस वाचा नाहीं तिचें काय? कुऱ्हाड, मूर्ति, नाणें हीं आपलें गांव सांगत नाहींत. त्यांच्या वतीनें उचलणाऱ्यानेंच बोललें पाहिजे. दोष हलविण्यांत नाहीं, न लिहिण्यांत आहे.

शेवटीं कागदांविषयीं. संग्रह स्थापन झाल्यावर एकच वर्षानें, १८६४ त, महालांतील भोसल्यांचा राजवाडा जळाला. काळ्या दगडाची व कोरीव लांकूडकामाची ती इमारत जाऊन मुख्यतः नगारखान्याचा दरवाजा तेवढा राहिला. जडजवाहीर खालसा झाल्यानंतरच लिलांवांत गेलें होतें. रेसिडेन्सीचें दफ्तर मात्र राहिलें व त्यांतील निवडक कागद खंडशः छापलेही गेले. जेन्किन्सचा १८२७ चा अहवाल तर नागपूर राज्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकास उघडावाच लागतो, इतका तो उपयुक्त आहे. परंतु परिणाम असा झाला कीं भोसल्यांचा दरबार आपण बहुतेक रेसिडेंटाच्या खिडकींतून पाहतों. जी गोष्ट सीताबर्डीच्या टेकडीची, तीच कागदांची. उंच जागा जेत्याच्या हातीं आहे. तिला तोल देणारें साधन म्हणजे मानकरी, कारकून, सावकार व उपाध्ये यांच्या घरीं उरलेले मराठी कागद.

आणि येथें टीकेचें टोंक आम्हां संग्राहकांकडेच वळतें. घरोघर हिंडून कागद जमविणाऱ्यांनीं काय केलें? रुमाल सोडला, निवाडपत्रें व सनदा निवडल्या, देण्याघेण्याचे किरकोळ कागद तसेच टाकले, आणि निवडलेले तारीखवार लावले. कोणत्या घरचा रुमाल, त्यांत कोणत्या कागदाजवळ कोणता कागद होता, हें बहुधा लिहिलें नाहीं. परमार प्रशस्तीचें स्थान न टिपणाऱ्यास आपण हंसतों. पण रुमाल सोडतांना आपणही तेंच करितों. सुटी सनद ही देवळाबाहेर काढलेली शिलाच होय. तिच्याजवळ जो क्षुल्लक हिशेब होता, त्यावरूनच कदाचित् ती खरी कीं बनावट याचा निर्णय लागला असता.

म्हणून तीन गोष्टी सुचवितों. एक, प्रत्येक ऐतिहासिक स्थळीं त्या जागेचें जुनें नांव, कागदांतील उल्लेख व बांधकामाचा काल हीं थोडक्यांत लावावीं, आणि जी केवळ दंतकथा आहे तीस दंतकथाच म्हणावें. दोन, संग्रहांतील प्रत्येक वस्तूपुढें ती कोठें मिळाली, कोणीं दिली व केव्हां आली हें असावें. स्थान अज्ञात असल्यास तसें स्पष्ट लिहावें, कारण उघड सांगितलेलें अज्ञान पुढील शोधकास बोलावतें, झांकलेलें अज्ञान त्यास फसवितें. तीन, नागपूर प्रांतांतील खासगी कागदांची घरवार व रुमालवार यादी व्हावी, आणि यादी होईपर्यंत रुमालाची गांठ कोणीं सोडूं नये.

यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी दुसऱ्यांच्या हातच्या आहेत. त्या होईपर्यंत आपण विनंति करीत राहूं. तिसरी मात्र या त्रैमासिकाच्या वाचकांच्याच हातची आहे. पुढच्या वेळीं एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर रुमाल समोर येईल, तेव्हां गांठीला हात घालण्यापूर्वीं त्या घराचें नांव, दिवस व कागदांचा क्रम टिपून ठेवावा, एवढीच नम्र सूचना करून हा लेख पुरा करितों.