टेनिस बघायचं म्हणजे काय बघायचं?

‘टेनिस टीव्हीवरच बरं दिसतं’ असं बरेच जण म्हणतात. जवळून दिसतं, पुन्हा दिसतं, ऊनही लागत नाही. माझा आक्षेप असा, की टीव्ही गुणफलक पूर्ण दाखवतो, कौशल्य मात्र अर्धंच.

मुख्य कॅमेरा कुठे असतो? एका बेसलाइनच्या मागे, उंचावर. तिथून २३.७७ मीटर लांबीचं कोर्ट आखूड दिसतं. चेंडू नेटवरून किती उंच गेला, टॉपस्पिनने शेवटी कसा झपकन खाली आला, हे त्या कोनातून नीट कळत नाही. बाजूच्या स्टँडमध्ये, खालच्या रांगेत बसलं की कळतं. स्लो मोशनमध्ये मनगट छान दिसतं, हे मान्य. पण त्यात खेळाडूवरचा वेळेचा दाबच निघून जातो.

आता हिशेब बघा. ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. हवा आणि टप्पा यांनी वेग कमी होतो हे धरूनही समोरच्याला साधारण अर्धा सेकंद मिळतो. म्हणून तो आधीच वाचायला लागतो: टॉस कुठे गेला, खांदा कसा वळला. आणि रॅकेट चेंडूला लागायच्या सुमारास तो एक बारीक उडी घेतो. तिला ‘स्प्लिट स्टेप’ म्हणतात. त्या उडीतून उतरतानाच दिशा ठरते.

याला ‘उपजत’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. गिल्बर्ट राइलने १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये दाखवलं, की बुद्धी कृतीच्या आधी कुठेतरी वेगळी बसलेली नसते, ती कृतीतच असते. आपल्या मराठीत हा भेद आयताच आहे. पोहण्याबद्दल ‘माहीत असणं’ वेगळं आणि पोहता ‘येणं’ वेगळं. आपल्या शिक्षणाने माहीत असण्याला पदव्या दिल्या आणि ‘येणं’ कारागिरांच्या गल्लीत ढकललं. प्रश्न नुसत्या टेनिसचा नाही, तो इथे आहे.

बालेवाडीची २०१९ची अंतिम लढत घ्या. केविन अँडरसनने इव्हो कार्लोविचला ७-६, ६-७, ७-६ असं हरवलं. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले. ‘नुसती सर्व्हिस, यात खेळ कुठे?’ अशी टीका अशा सामन्यांवर नेहमी होते. कार्लोविचची २११ सेंटिमीटर उंची हा नशिबाचा भाग, कबूल. पण एकोणचाळिसाव्या वर्षी, निर्णायक टायब्रेकमध्येही टॉस तसाच टाकणं आणि दिशा लपवून ठेवणं, हे उंचीने येत नाही. ते कमावलेलं असतं. टीकाकार फक्त चेंडू बघतो, म्हणून त्याला हे दिसत नाही.

तेव्हा प्रत्यक्ष सामन्याला गेलात, तर एक गेम चेंडू सोडून द्या. सर्व्हिस घेणाऱ्याचे पाय बघा. गुण कोणाला मिळाला, हे पंच सांगतीलच.