उच्चार सुधारला, पण भाषा आली का?

आज २००३ चा एक पेपर वाचूया, सुगत मित्रा आणि सहकाऱ्यांचा. हैदराबादच्या १६ मुलांना संगणक दिला. त्यात बोललेलं ऐकून टाइप करणारं सॉफ्टवेअर होतं. शिकवायला शिक्षक नाही. काही महिन्यांत मुलांचे इंग्रजी उच्चार सुधारले.

कल्पना छानच आहे. यंत्राला कळेपर्यंत मूल स्वतःच पुन्हा पुन्हा बोलून बघतं. माझी हरकत वेगळी आहे. मोजला गेला उच्चार. आपण सांगताना मात्र त्याचं 'शिक्षकाशिवाय इंग्रजी' करून टाकतो.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर हा फरक लगेच दिसतो. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण कातकरी, ठाकूर मुलांची घरची बोली वेगळी. पुस्तकातली मराठीसुद्धा त्यांना शिकावीच लागते. मुरबाडकडच्या एका शाळेत मोबाइलवरचा व्हिडिओ ऐकून एक मुलगी स्वच्छ म्हणाली, "वेल." मी विचारलं, "वेल म्हणजे काय गं?" तिने कुडावरच्या काकडीच्या वेलाकडे बोट केलं. उच्चाराला पैकीच्या पैकी! अर्थ कळला तो बाईंनी विहीर दाखवल्यावर.

शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा राज्यभर गाजली, तीही शिक्षकाच्या धडपडीतूनच.

म्हणून प्रस्तावात नुसतं 'इंग्रजी सुधारलं' लिहू नका. उच्चार, अर्थ की स्वतःचं वाक्य, नेमकं काय मोजलं ते लिहा. मुलाची घरची बोली नोंदवा. स्क्रीन चालू असताना शिक्षक काय करत होते, तेही नोंदवा. नाहीतर उद्या आपलाच पेपर दाखवून त्या बाईंची जागा रिकामी ठेवली जाईल.