पिशवी कुणी धुवायची?

आमचं कमलनगर बिदर जिल्ह्यात, कर्नाटकात. पण साडी घ्यायची म्हटली की पाय वळतात ते महाराष्ट्रातल्या उदगीरकडे. त्यामुळे प्लास्टिकबंदी आम्ही दोन सरकारांची पाहिली. कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये कॅरीबॅग, प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे, अगदी जेवणाच्या टेबलावर अंथरायचं प्लास्टिकही बंद केलं. महाराष्ट्राची अशी बंदी आली २३ मार्च २०१८ला, आणि जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या वेळी ५००० रुपये. मधली दोन वर्षं इथे बंद असलेली पिशवी उदगीरच्या खरेदीबरोबर आमच्या घरात येतच होती.

बंदी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. बंदी हवीच. माझी तक्रार वेगळी आहे. देशभराच्या नियमांत पिशवीची जाडी आधी ५० मायक्रॉन, मग ७५, आणि २०२२च्या अखेरीपासून १२० मायक्रॉन झाली. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. टोपली घेऊन बसलेली भाजीवाली तो कशाने मोजणार? तिला दंडाची भीती, आणि बिस्किटाचा पुडा, शाम्पूची पुडी मात्र दुकानात लटकलेलीच. उत्पादकांनी आपल्या वेष्टनांचा कचरा परत गोळा करावा, असं २०१६च्या केंद्राच्या नियमांत लिहिलंय. माझ्या दारी अजून कुणी पुड्या मागायला आलं नाही बाई!

त्याच वर्षीच्या घनकचऱ्याच्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं. नियमात आपल्याला नाव दिलंय ‘कचरा निर्माण करणारे’. पण मैत्रिणींनो, तो वेगळा कोण करतं? दुधाची पिशवी धुऊन वाळत कोण घालतं? कापडी पिशवी शिवणं, धुणं, बाजाराला निघताना आठवणीने हातात देणं, हे कुणाचं काम? सरकारच्या लेखी ते ‘नागरिकांचं’ आहे. घरात ते बाईचंच असतं. जे धोरण एका ओळीत घरावर काम टाकतं आणि ते करणाऱ्या हाताकडे बघत नाही, ते चार दिवस टिकतं. घरची बाई थकली की ते संपलं.

आता स्वतःकडे बोट. आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तानंतर जेवत नाही. आणि दशलक्षण पर्व संपल्यावर पारण्याला पाणी देतो ते प्लास्टिकच्या इवल्याशा बाटलीतून. माझ्या मुलाच्या साखरपुड्यात मीच तीनशे बाटल्या मागवल्या होत्या. का? भांडी घासायला बाई मिळेना, आणि मला उठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीत एक गाय उरलेल्या अन्नासकट पिशवी चघळत होती. मी तिच्या तोंडातून ओढली. अर्धी हातात आली, अर्धी आत गेली. सूक्ष्म जीव जपायला पाण्याला फडकं लावणारे आपण, एवढा मोठा जीव दिसला नाही का आपल्याला? अपरिग्रहाचं व्याख्यान ऐकताना ते गिळणारं तोंड आठवतं, आणि मान खाली जाते.

तेव्हापासून आमच्या ओळखीच्या सात-आठ घरांनी मिळून स्टीलचे दोनशे पेले घेतले. कुणाच्याही घरचं कार्य असो, तेच पेले जातात. पहिल्यांदा प्रश्न आलाच, “काकू, धुणार कोण?” मी म्हटलं, “ज्याने पाणी प्यालं, त्याने.” हौद, राख, नारळाची शेंडी, सगळं मांडून ठेवलं. पुरुषमंडळी लाजली, मग हसली, मग धुवायला लागली.

घरातही आता एक नियम आहे. दाराच्या खुंटीवर पाच पिशव्या. जो नेईल, त्याने धुवायची. आमच्या ह्यांनी परवा पहिल्यांदा धुतली. मेथीची माती तशीच राहिली होती, पण मी ती पुन्हा धुतली नाही.