पीएम-किसानची गावयादी नमुना म्हणून घेण्याआधी

पीएच.डी.चा प्रस्ताव लिहिताना तुमच्यापैकी बरेच जण एक सोपी वाट धरतात. पीएम-किसानच्या पोर्टलवर जायचं, जिल्हा धाराशिव, तालुका तुळजापूर, गाव अणदूर निवडायचं, लाभार्थी यादी उतरवायची आणि त्यातून रँडम सॅम्पल काढून मोकळं व्हायचं. यादी सरकारी, फुकट आणि नीटनेटकी. माझी तक्रार तिच्या नीटनेटकेपणाबद्दलच आहे.

मुळात ती मोजते काय? जमिनीच्या कागदावर नाव असलेलं कुटुंब. आणि योजनेच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. आता बघा, एका घरात तिन्ही कर्त्या मुलांच्या नावे फेरफार झालेला असेल तर वर्षाला ६,००० रुपये तीनदा येतात. शेजारी सगळी जमीन म्हाताऱ्याच्याच नावावर असेल तर एकदाच. क्षेत्र तेवढंच, खाणारी तोंडं तेवढीच. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाची देवळं दोन, पण मूर्ती एकच. ती वर्षातला काही काळ इथे, काही काळ तिथे असते. देवळं मोजणाऱ्याला देवही दोनच सापडणार.

त्याहून मोठी अडचण बटईची. दुसऱ्याचं रान बटईनं करणारा बी-खताचा खर्च उचलतो, पाऊस गेला की तोच बुडतो, पण यादीत नाव मालकाचं. मालक पुण्यात नोकरीला असला तरी. (आयकर भरणारे वगळले आहेत, पण शहरात राहणारा प्रत्येक जण कुठे आयकर भरतो?) बटई कागदावर का येत नाही, हेही समजून घ्या. मराठवाडा निजामाच्या राज्यातला, त्यामुळे इथे हैदराबाद कुळवहिवाट कायदा, १९५० लागू. कुळाचं नाव लागलं की जमीन हातची जाईल, ही भीती अजून टिकून आहे, म्हणून व्यवहार तोंडी. सासऱ्याच्या नावावरच्या शेतात राबणाऱ्या सुनेचंही तेच.

२०२३ मध्ये राज्याची नमो शेतकरी महासन्मान योजना आली, तिनंही हीच यादी उचलली. म्हणजे आणखी ६,००० रुपये मिळाले ते त्याच नावांना, आणि सुटलेला दोन्हीकडून सुटला. त्यात आपण याच यादीतून सॅम्पल काढून ‘शेतकऱ्यांवर परिणाम’ असं शीर्षक दिलं की तो तिसऱ्यांदा सुटतो, आणि या वेळी आपल्या हातून.

अर्थमितीवाल्यांसाठी थोडं. दोन हेक्टरच्या रेषेवर तुलना करायचा मोह होईल. पण ती मर्यादा २०१९च्या खरिपाच्या तोंडावरच उठली, त्यामुळे पुढच्या हप्त्यांसाठी तुमची रेषाच उरत नाही. १ फेब्रुवारी २०१९ ही जमीनधारणेची तारीखही वाटते तितकी सरळ नाही: नंतर विकत घेतलेली जमीन धरली नाही, वारसानं आलेली धरली.

मग यादी फेकून द्यायची का? नाही. पैसे कुणाला जातात हा प्रश्न असेल तर ती उत्तम. शेती कोण करतं हा प्रश्न असेल तर मात्र गावातल्या घरांची यादी स्वतः करा. वेळ जातो, गाईड कुरकुरतात, चालायचंच. आणि प्रश्नावलीत ‘तुमची जमीन किती?’ याच्या आधी ‘यंदा सोयाबीन कुणाच्या रानात पेरलं, आणि बियाण्याचे पैसे कुणी दिले?’ हे विचारा.